शिंगे फुटलेली माणसे आणि कल्ले फुटलेला टोमॅटो

जनुकबदल केलेल्या अन्नावरचा वाद निघाला की काही चित्रे हमखास डोळ्यांसमोर येतात. माशाचे कल्ले आणि शेपटी असलेला टोमॅटो, मानेत लोखंडी खिळे ठोकलेले मक्याचे कणीस, इंजेक्शनची सुई टोचलेले वांगे. १९९० नंतरच्या दशकात युरोप-अमेरिकेच्या वृत्तपत्रांत अशी व्यंगचित्रे वारंवार छापून आली आणि पुढे ती आपल्याकडेही पोचली. विद्यार्थी जनुकाची व्याख्या विसरतात, पण हा टोमॅटो विसरत नाहीत. म्हणूनच विज्ञानशिक्षकांनी या चित्रांकडे करमणुकीपलीकडे जाऊन पाहावे, असे आम्हांला वाटते.

या वादात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. पहिला प्रश्न असा, की हे अन्न खाण्यास सुरक्षित आहे काय? दुसरा असा, की आपण काय विकत घेतो आहोत हे पाकिटावर वाचण्याचा ग्राहकाला अधिकार आहे काय? पहिल्याचे उत्तर प्रयोग आणि मोजमाप यांतून मिळते. दुसऱ्याचे उत्तर समाजाने ठरवायचे असते. एक पदार्थ सुरक्षित असूनही त्यावर माहिती असावी असे कोणी म्हणू शकतो आणि त्यात विसंगती काहीच नाही. व्यंगचित्र मात्र एका फटकाऱ्यात दोन्ही प्रश्न एकत्र बांधते. ही गाठ कशी पडत गेली, ते पाहण्यासाठी आपल्याला दोनशे वर्षे मागे जावे लागेल.

गायीची शिंगे

१२ जून १८०२ रोजी लंडनमध्ये जेम्स गिलरे या प्रसिद्ध व्यंगचित्रकाराचे एक रंगीत चित्र विक्रीला आले. चित्रात एडवर्ड जेन्नर एका घाबरलेल्या तरुणीच्या दंडाला गोदेवीची लस टोचतो आहे आणि भोवती लस घेतलेल्यांची गर्दी आहे. कोणाच्या दंडातून छोटी गाय बाहेर पडते आहे, कोणाच्या तोंडातून, तर कोणाच्या कपाळाला शिंगे फुटली आहेत. मागच्या भिंतीवर एक तसबीर आहे आणि तिच्यात लोक सोन्याच्या वासराची पूजा करीत आहेत.

जेन्नरने १७९६ मध्ये जेम्स फिप्स या मुलाला गोदेवीची लस टोचली आणि १७९८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका प्राण्याच्या अंगावरील फोडातला द्रव माणसाच्या शरीरात घालायचा, ही कल्पनाच अनेकांना किळसवाणी वाटली. काही डॉक्टरांनीही विरोध केला. लस घेतलेल्या एका मुलाचा चेहरा बैलासारखा होऊ लागला आहे, असे एका डॉक्टरने १८०५ मध्ये चित्रासह छापले होते. गिलरेचा रोख लशीवर होता की लशीला घाबरणाऱ्यांवर होता, याबद्दल अभ्यासकांत आजही एकमत नाही. परंतु भीती कशाची होती, हे चित्रात स्वच्छ दिसते. दोन जातींमधली सीमा ओलांडली जाते आहे, ही ती भीती. कल्ले फुटलेल्या टोमॅटोचा हा थेट पूर्वज म्हणावा लागेल.

या चित्राशी आपला एक योगायोगाचा संबंध आहे. ते लंडनमध्ये प्रसिद्ध झाले त्यानंतर दोनच दिवसांनी, १४ जून १८०२ रोजी, मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला लस टोचण्यात आली. भारतातील ती पहिली यशस्वी लस. त्या काळी शीतपेट्या नव्हत्या. एकाच्या दंडावरील फोडातून दुसऱ्याच्या दंडावर, अशी माणसांच्या साखळीतून ही लस बगदाद आणि बसरामार्गे मुंबईला पोचली होती, आणि येथून ती देशात इतरत्र गेली. कोणालाही शिंगे फुटली नाहीत. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या परिषदेने देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर केले.

गोष्ट येथे संपविली तर धडा सोपा होतो. चित्र खोटे ठरले आणि विज्ञान खरे ठरले. पण पुढच्याच उदाहरणात नेमके उलटे घडले.

सांगाडा आणि गोळ्या

१८५८ च्या ऑक्टोबरअखेर इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड गावच्या बाजारात पेपरमिंटच्या गोळ्या विकल्या गेल्या. त्या काळी साखर महाग असल्याने गोळ्या करणारे तीत जिप्समसारखी स्वस्त पांढरी भुकटी मिसळत. ही भेसळ सर्रास चाले. या वेळी औषधविक्रेत्याकडे भुकटी आणायला गेलेल्या माणसाला चुकून पांढऱ्या सोमलाची भुकटी मिळाली. दोन्ही भुकट्या एकाच ठिकाणी होत्या आणि सोमलाच्या पिंपावर नीट चिठ्ठी नव्हती. सुमारे वीस माणसे दगावली, दोनशेच्या आसपास आजारी पडली. मृतांत लहान मुले होती.

नोव्हेंबरमध्ये ‘पंच’ या साप्ताहिकात जॉन लीच याचे चित्र आले. त्यात एक सांगाडा खलबत्ता घेऊन गोळ्या तयार करीत बसला आहे आणि बाजूला सोमल व प्लास्टर यांची भांडी आहेत. या चित्रात अतिशयोक्ती आहे, पण मूळ आरोप शब्दशः खरा आहे. साखरेच्या गोळीत जे नको ते मिसळले जात होते आणि खाणाऱ्याला त्याचा पत्ता नव्हता. त्याआधी आर्थर हॅसल या डॉक्टरने सूक्ष्मदर्शकाखाली बाजारातले खाद्यपदार्थ तपासून ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात भेसळीचे पुरावे छापले होते. प्रयोगशाळेतला पुरावा, वृत्तपत्रातले चित्र आणि लोकांचा संताप असे तिन्ही एकत्र आले. १८६० मध्ये ब्रिटनमध्ये अन्नभेसळविरोधी कायदा झाला आणि १८६८ च्या कायद्याने विषाच्या प्रत्येक डब्यावर पदार्थाचे नाव, ‘विष’ हा शब्द आणि विक्रेत्याचा पत्ता लिहिणे बंधनकारक केले.

आवेष्टनावर माहिती छापण्याची सक्ती अशी माणसांच्या मृत्यूंतून जन्माला आली आहे. ‘चिठ्ठी लावून काय साधते?’ असा प्रश्न कोणी विचारला तर ब्रॅडफर्डची आठवण द्यावी.

गुलाबी लोणी

चिठ्ठीचा दुरुपयोगही होऊ शकतो, हे अमेरिकेने दाखवून दिले. १८६९ मध्ये फ्रान्समध्ये एका रसायनशास्त्रज्ञाने गुरांच्या चरबीपासून लोण्यासारखा पदार्थ तयार केला. तोच मार्गारीन. तो अमेरिकेत पोचताच दूधउत्पादकांचे धाबे दणाणले. नियतकालिकांत मार्गारीनच्या कढईत मांजरे, जोडे आणि कुजके मांस पडत असल्याची चित्रे येऊ लागली. १८८६ मध्ये केंद्र सरकारने मार्गारीनवर पौंडामागे दोन सेंट कर बसविला. न्यू हॅम्पशरसारख्या काही राज्यांनी तर मार्गारीन गुलाबी रंगवूनच विकले पाहिजे असा कायदा केला. ग्राहकाला फरक कळावा, असे कारण दिले गेले. गुलाबी लोणी पावाला लावायला कोण तयार होणार? १८९८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा रद्द केला. अशी सक्ती म्हणजे माल विकूच न देण्याचा प्रकार आहे, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

याच प्रश्नाला आपल्याकडे सापडलेले उत्तर मुद्दाम सांगण्यासारखे आहे. साजूक तुपात वनस्पती तुपाची भेसळ होऊ लागली, तेव्हा वनस्पतीला रंग द्यावा अशी मागणी येथेही झाली होती. त्याऐवजी वनस्पती तुपात किमान पाच टक्के तिळाचे तेल घालणे कारखानदारांवर बंधनकारक करण्यात आले. तिळाच्या तेलातील विशिष्ट घटकामुळे हायड्रोक्लोरिक आम्ल आणि साखर घातल्यावर गुलाबी रंग येतो. बोदुआँ चाचणी या नावाने ती अनेक शाळांत दाखविली जाते. येथेही रंग गुलाबीच, पण तो खाणाऱ्याच्या पानात न दिसता तपासणाऱ्याच्या परीक्षानळीत दिसतो. माल घेणाऱ्याला न भिववता लबाडी मात्र उघडी पाडायची, अशी ही तोड होती.

फ्रँकनफूड

आता मूळ विषयाकडे येऊ. २९ मे १९९२ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जनुकबदल केलेल्या पिकांविषयी आपले धोरण जाहीर केले. नव्या पिकाचे घटक नेहमीच्या पिकाहून महत्त्वाच्या बाबतीत वेगळे नसतील, तर केवळ ते या तंत्राने तयार झाले म्हणून त्यावर वेगळी चिठ्ठी लावण्याची गरज नाही, असा त्याचा आशय होता. त्यानंतर काही दिवसांतच ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये बॉस्टन कॉलेजातील इंग्रजीचे प्राध्यापक पॉल लुईस यांचे पत्र छापून आले. त्यात त्यांनी अशा अन्नाला ‘फ्रँकनफूड’ हा शब्द वापरला. शब्द चिकटला आणि व्यंगचित्रकारांना आयता नमुना मिळाला. मेरी शेलीच्या १८१८ सालच्या कादंबरीत फ्रँकेन्स्टाइन हे शास्त्रज्ञाचे नाव आहे, त्याने निर्माण केलेल्या प्राण्याला तेथे नावच नाही. मानेतले खिळे आणि चपटे डोके हे तर १९३१ च्या चित्रपटातून आलेले. या चित्रांची सामग्री अशी प्रयोगशाळेपेक्षा चित्रपटगृहातून अधिक आली होती.

माशाच्या टोमॅटोचे मूळ मात्र प्रयोगशाळेत होते. कॅलिफोर्नियातील एका कंपनीने थंड समुद्रातील चपट्या माशाचे गोठणरोधी प्रथिन तयार करणारे जनुक टोमॅटोत घालून पाहिले होते. त्याच्या चाचण्या १९९१ च्या सुमारास झाल्या, पण हा टोमॅटो बाजारात कधीच आला नाही. बाजारात जो आला, तो १९९४ चा ‘फ्लेव्हर सेव्हर’. त्यात माशाचे जनुक नव्हते. फळ मऊ करणारे विकर तयार होऊ नये म्हणून टोमॅटोचेच एक जनुक उलट्या दिशेने बसविले होते. विशेष म्हणजे कायद्याची सक्ती नसतानाही कंपनीने दुकानांत माहिती लावून तो विकला. तो बंद पडला याचे मुख्य कारण आर्थिक होते. उत्पादन आणि वाहतूक परवडेना.

ब्रिटनमधील अनुभव अधिक बोलका आहे. १९९६ च्या आरंभी तेथे जनुकबदल केलेल्या टोमॅटोची डबाबंद चटणी दोन मोठ्या दुकानसाखळ्यांत आली. डब्यावर तसे ठळकपणे छापले होते, तीही स्वस्त होती. तिचा खप चांगला झाला. म्हणजे चिठ्ठी पाहून ग्राहक पळून गेले नाहीत. त्याच वर्षी अमेरिकेतून जनुकबदल केलेले सोयाबीन युरोपात येऊ लागले. ते साध्या सोयाबीनमध्ये मिसळलेले होते आणि कोणत्या पदार्थात किती आहे हे ग्राहकाला कळायला मार्ग नव्हता. संताप पेटला तो येथे.

त्याला आणखी एक कारण होते. गायींना होणाऱ्या मेंदूच्या रोगाचा माणसाला धोका नाही, असे ब्रिटिश सरकार अनेक वर्षे सांगत होते. १९९० मध्ये कृषिमंत्री जॉन गमर यांनी कॅमेऱ्यांसमोर आपल्या लहान मुलीला गोमांसाचा बर्गर देऊ केला होता. २० मार्च १९९६ रोजी सरकारला संसदेत कबूल करावे लागले, की माणसांत आढळलेल्या नव्या मेंदूरोगाचा त्या रोगाशी संबंध असण्याची शक्यता आहे. ‘सुरक्षित आहे, आमच्यावर विश्वास ठेवा’ या वाक्याची किंमत त्या दिवशी शून्य झाली.

ऑगस्ट १९९८ मध्ये आर्पाद पुस्तई या शास्त्रज्ञाने जनुकबदल केलेल्या बटाट्यांचा उंदरांवर परिणाम झाल्याचे दूरदर्शनवरील मुलाखतीत सांगितले. प्रयोग पूर्णपणे प्रसिद्ध होण्यापूर्वीच ते बोलले होते. त्यांना संस्थेतून बाहेर पडावे लागले. रॉयल सोसायटीने १९९९ मध्ये प्रयोगाची रचना सदोष असल्याचे म्हटले. पुढे त्यांचा एक लेख ‘लॅन्सेट’मध्ये छापला गेला, त्यावरही टीका झाली. या गदारोळात फेब्रुवारी १९९९ मध्ये ‘मिरर’ या वृत्तपत्राने पहिल्या पानावर पंतप्रधान टोनी ब्लेअर यांचा चेहरा फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसासारखा रंगवून छापला. ‘प्राइम मिनिस्टर’चे ‘प्राइम मॉन्स्टर’ झाले. आपण असे अन्न खातो आणि ते सुरक्षित आहे, असे ब्लेअर म्हणाले होते. लोकांना त्यात गमरसाहेबांचा बर्गर दिसला. त्याच वर्षी टोमॅटोची ती चटणी, ठळक चिठ्ठी असूनही, दुकानांतून नाहीशी झाली.

हे पान जनुकशास्त्राविषयी काहीच सांगत नाही. राक्षस झाला आहे तो सत्तेवर बसलेला माणूस. गिलरेच्या चित्रात शरीर बिघडण्याची भीती होती, येथे न विचारता ताटात वाढले जाण्याचा राग आहे. पहिल्या भीतीला शास्त्रीय उत्तर देता येते. दुसऱ्या रागावर शास्त्रीय अहवाल हा उतारा नव्हे, आणि तो राग अज्ञानातूनच आला असे म्हणून उडवून लावणेही बरोबर नव्हे. अर्थात अज्ञानही होतेच. साध्या टोमॅटोत जनुके नसतात, फक्त जनुकबदल केलेल्या टोमॅटोत असतात, हे विधान चूक असल्याचे २००५ मधील युरोपीय पाहणीत ४१ टक्के लोकांनाच सांगता आले होते.

चिठ्ठीवर काय लिहावे?

चिठ्ठी लावायची असे ठरले, तरी कशाबद्दल लावायची हा प्रश्न उरतोच. पदार्थात बदललेले डीएनए किंवा प्रथिन सापडले तर, की तो पदार्थ ज्या पिकापासून झाला त्यात बदल होता म्हणून? शुद्ध केलेल्या तेलात डीएनए आणि प्रथिने जवळपास उरतच नाहीत. साध्या आणि जनुकबदल केलेल्या सरकीच्या तेलात प्रयोगशाळेलाही फरक दाखविणे अवघड असते. युरोपीय संघाने १९९८ च्या नियमात डीएनए वा प्रथिन सापडण्याची अट घातली. २००३ च्या नियमांनी ती अट काढली. तेव्हापासून तेलावरही उल्लेख आवश्यक झाला, आणि नकळत झालेल्या मिसळीसाठी ०.९ टक्क्यांची मर्यादा ठरली. २००४ पासून हे अमलात आले.

अमेरिकेत वाद उशिरा पेटला. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियात सक्तीच्या चिठ्ठीचा प्रस्ताव मतदानात थोडक्यात पडला. २०१४ मध्ये व्हरमाँट राज्याने कायदा केला. प्रत्येक राज्याचा वेगळा नियम नको म्हणून २०१६ मध्ये केंद्राने देशभरासाठी एकच कायदा आणला. १ जानेवारी २०२२ पासून त्याची पूर्ण अंमलबजावणी सुरू झाली. त्यासाठी ‘बायोइंजिनिअर्ड’ हा नवाच शब्द आणि शेत व सूर्य यांचे हिरवे चिन्ह निवडले गेले. टीकाकार म्हणाले, की लोकांना माहीत असलेला शब्द टाळून चिन्ह मात्र प्रसन्न काढले आहे. चित्रांची लढाई अशी पाकिटावरही येऊन पोचली.

आपल्याकडे २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. कापूस आपण खात नाही, पण सरकीचे तेल खातो. ऑक्टोबर २००९ मध्ये जालन्याच्या महिको कंपनीच्या बीटी वांग्याला तज्ज्ञ समितीने मान्यता दिली. त्यानंतर पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी वांग्याला स्थगिती दिली. १ जानेवारी २०१३ पासून जनुकबदल केलेले अन्न असलेल्या पाकिटावर वरच्या बाजूस ‘जीएम’ ही अक्षरे छापण्याचा नियम लागू झाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या मसुद्यात एक टक्क्याची मर्यादा सुचविली गेली. ऑक्टोबर २०२२ मध्ये जनुकबदल केलेल्या मोहरीला पर्यावरणात सोडण्याची परवानगी मिळाली, आणि जुलै २०२४ मध्ये त्या परवानगीवर सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे मतभेद झाले.

या सर्व नियमांत पाकीट गृहीत धरलेले आहे. मंडईत ढिगाने विकल्या जाणाऱ्या वांग्याला चिठ्ठी कोठे चिकटवायची? वडे ज्या तेलात तळले त्या तेलाचा डबा गिऱ्हाइकाला दिसतो काय? आपल्या देशात जाणून घेण्याचा अधिकार खरा करायचा असेल, तर ग्राहकाच्या हातातील पाकिटाआधी बियाणे, शेत आणि बाजार समिती येथपर्यंत नोंदी ठेवाव्या लागतील. त्याचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न व्यंगचित्रांत फारसा येत नाही.

वर्गात

नववी-दहावीच्या वर्गात यापैकी दोन-तीन चित्रांचे वर्णन सांगून किंवा फळ्यावर रेखाटून चांगली चर्चा होऊ शकेल. प्रत्येक चित्राला मुलांनी तीन प्रश्न विचारावेत. या चित्रातले कोणते विधान तपासून पाहता येईल? चित्रात राक्षस कोणाला केले आहे, पदार्थाला, शास्त्रज्ञाला, व्यापाऱ्याला की राज्यकर्त्याला? आणि चित्रकाराला बदल कशात हवा आहे? गिलरेची शिंगे पहिल्याच प्रश्नावर गळून पडतात. लीचचा सांगाडा टिकतो. मार्गारीनच्या कढईतील मांजर पाहताना, चित्राने कोणाचा धंदा वाचतो हे विचारावे लागते.

त्यानंतर मुलांना बीटी वांग्यावर दोन व्यंगचित्रे काढायला सांगावीत, एक विरोधातले आणि एक बाजूचे. अळीने पोखरलेले वांगे आणि त्यावर पुन्हा पुन्हा कीटकनाशक फवारणारा शेतकरी हाही व्यंगचित्राचा विषय होऊ शकतो, हे त्यांच्या लक्षात येईल. बोदुआँ चाचणी त्याच तासाला दाखविता आली तर उत्तम, मात्र तीव्र आम्ल शिक्षकांनीच हाताळावे.

चित्र पाहून घाबरणारा आणि चित्र पाहून हसणारा, दोघेही पुढे ग्राहक आणि मतदार होणार आहेत. ‘सुरक्षित आहे’ असे कोणी सांगितले तर पुरावा मागायचा, आणि ‘राक्षस आहे’ असे कोणी चितारले तरीही पुरावाच मागायचा, एवढी सवय त्यांना शाळेत लागली, तर पाकिटावरची दोन अक्षरे वाचून काय करायचे ते त्यांचे ते ठरवू शकतील.